अक्ष कुठे ठेवावा?

शाळेत आलेख काढायला शिकलो तेव्हा अक्ष कुठे काढायचा, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता. बारीक चौकटींचा आलेख-कागद समोर आला की पट्टी घेऊन मधोमध एक आडवी आणि एक उभी रेघ मारायची, टोकांना बाण काढायचे, दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे शून्य लिहायचे आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहून मोकळे व्हायचे. प्रमाण लिहायचे राहिले तर अर्धा गुण जाई. अक्षांपायी मात्र कधी गुण गेल्याचे आठवत नाही, कारण ते चुकायची सोयच नव्हती. बिंदू आपण मांडायचे, ते जोडायचे, रेषा वर गेली की खाली गेली ते सांगायचे; अक्ष हे आधीपासूनच तिथे असणार, जमीन असते तसे. पुढे मराठी विषय घेऊन एम. ए. केले, त्याच विषयात अध्यापन करू लागले, आणि आलेख-कागदाशी असलेला संबंध संपला तो संपलाच. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा जुळला, आणि तेव्हा कळले की त्या दोन रेघा कुणीतरी, काहीतरी मनात धरून, तिथे ठेवलेल्या असतात.

निमित्त अगदी कार्यालयीन होते. २०२४ साली महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक विभागाने आपला दहा वर्षांचा अहवाल द्यावा, असे ठरले. मराठी विभागाचा अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर लिहिण्याची अडचण नव्हती. अडचण होती ती तो नीट छापून येण्याची. ज्या विभागाच्या अहवालात 'वाङ्मय' हा शब्दच दर चार ओळींनी येतो, त्या अहवालात तो शब्द दर वेळी निराळ्या पद्धतीने मोडलेला दिसावा, हे काही शोभणारे नव्हते. आमचे गणिताचे सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहेत. स्टाफरूममध्ये माझी चाललेली चिडचिड पाहून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही लाटेकमध्ये का नाही करत? एकदा शिकलात की परत मागे वळून बघणार नाही."

ज्यांचा ह्या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली डोनाल्ड क्नूथ ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाच्या हाती आली, आणि ती इतकी कुरूप होती की ग्रंथ बाजूला ठेवून त्याने अक्षरजुळणीची स्वतःचीच एक प्रणाली रचायला घेतली. तिचे नाव 'टेक'. कला आणि कारागिरी ह्या दोहोंसाठी ग्रीकमध्ये जो एकच शब्द आहे, त्याच्या आरंभीच्या तीन अक्षरांवरून ते घेतलेले आहे. ह्याच प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्टने १९८०च्या दशकात 'लाटेक' उभारले. त्यात आपण पान पाहत पाहत लिहीत नाही. पान कसे असावे ह्याच्या आज्ञा लिहितो, आणि मग यंत्र ते पान तयार करून दाखवते. खिळे जुळवणाऱ्याला कागदाच्या समासात सूचना लिहून पाठवण्याचाच हा प्रकार. मुद्रितशोधनात हयात गेलेल्या माणसाला तो अजिबात परका वाटत नाही. पुढे त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट येण्याची सोय झाली, आणि माझे 'वाङ्मय' पहिल्याच दिवशी अखंड उमटले. मी सरांना चहा पाजला.

अहवालात एक आलेख हवा होता: तृतीय वर्षाच्या विशेष मराठीच्या वर्गात दहा वर्षांत किती विद्यार्थी होते त्याचा. लाटेकमध्ये चित्रेही आज्ञा लिहूनच काढतात. त्यासाठी टिल टांटाउ ह्या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने रचलेली 'टिकझ्' नावाची भाषा आहे. तिच्या नावाचा जर्मनमधला विस्तार 'टिकझ् हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम नव्हे' असा आहे. म्हणजे काय, ते मला पहिल्या तासाभरातच कळले. तिच्यावर आधारलेले, केवळ आलेखांसाठीचे 'पीजीएफप्लॉट्स' हे क्रिस्तिआन फॉयरझेंगर ह्यांनी रचले. त्यात आलेख ज्या कंसात लिहायचा, त्या कंसाचेच नाव 'ॲक्सिस' आहे. आधी लिहायचे 'बिगिन ॲक्सिस', शेवटी लिहायचे 'एंड ॲक्सिस', आणि मध्ये आपले बिंदू. शाळेत आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारी रेषा, असे माझ्या मनात ठसले होते. इथे आलेखाचे नावच अक्ष होते. बिंदू हे त्याच्या पोटात राहणारे पाहुणे.

मी हजेरीपटांवरून दहा आकडे काढले. २०१४ साली ३८ विद्यार्थी, एके वर्षी त्याहून एक जास्त, मग चढउतार होत होत २०२३ साली १७. हे आकडे कंसात लिहिले, बाकी काहीच सांगितले नाही, आणि पान तयार करायला सांगितले. जे समोर आले ते पाहून पोटात गोळा आला. चारी बाजूंनी बंद अशी एक चौकट. तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली रेषा खालच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन आदळलेली. दरीत पडलेल्या माणसाचा मार्ग काढावा तशी. वास्तविक आकडे मीच काढले होते. ते मला पाठ होते. पण पाठ असलेले आकडे आणि समोर दिसणारी पडझड ह्यांत एवढे अंतर असेल असे वाटले नव्हते. शेवटचा बिंदू चौकटीच्या तळाला जवळजवळ टेकलेला होता. आलेखाकडे पाहून कुणीही म्हणाले असते की ह्या वर्गात आता कुणीही उरलेले नाही.

"अहो, घाबरू नका," सर म्हणाले. "तुम्ही काही सांगितलं नाही की ते स्वतः ठरवतं. सगळ्यात लहान आकडा आणि सगळ्यात मोठा आकडा घेतं, त्यांच्या आसपास चौकट आखतं. कागद वाया जाऊ नये म्हणून." म्हणजे चौकटीचा तळ शून्यावर नव्हताच, तो पंधराच्या आसपास होता. मी उभ्या रेघेवरचे आकडे वाचले नव्हते, असे नाही. ते वाचण्याआधी डोळ्यांनी आलेख वाचून संपवला होता. आपण मजकूर वाचतो तेव्हा आधी शब्द येतात आणि मग अर्थ. आलेखात ह्याच्या उलट होते, अर्थ आधी येऊन बसतो आणि शब्दांकडे, म्हणजे अक्षावरच्या आकड्यांकडे, आपण नंतर सवडीने वळतो, वळलोच तर.

मला माझा शाळेतला आलेख हवा होता. सरांनी सांगितल्याप्रमाणे 'ॲक्सिस लाइन्स' ह्या आज्ञेपुढे 'मिडल' असे लिहिले, म्हणजे चौकट जाऊन दोन अक्ष एकमेकांना छेदतील. चौकट गेली खरी. अक्ष मात्र मध्ये आले नाहीत. उभा डाव्या कडेलाच राहिला, आडवा तळाशीच राहिला, फक्त टोकांना बाण फुटले. ह्याचेही कारण होते. 'मिडल' म्हणजे कागदाचा मध्य नव्हे. 'मिडल' म्हणजे शून्य. शून्य जर आलेखाच्या आवाक्यात असेल तर अक्ष तिथून जातो, आणि नसेल तर कडेशीच थांबतो. माझ्या आकड्यांत शून्य नव्हते. वर्षांतही नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले. नाहीतर २०१४ साली सुरू होणाऱ्या माझ्या रेषेच्या डावीकडे दोन हजार वर्षांचा कोरा कागद आला असता. (वर्षेही आधी '२,०१४' अशी स्वल्पविराम घेऊन छापली गेली होती. वर्ष हाही त्या यंत्राच्या लेखी एक आकडाच. तो स्वल्पविराम घालवायला निराळी आज्ञा द्यावी लागते.)

ह्यावरून एक गोष्ट लक्षात आली. वर्षांचा अक्ष शून्यापासून सुरू झाला नाही ह्याबद्दल आपण कधीही तक्रार करत नाही. तो २०१४ पासून सुरू होतो, कारण आपल्याला तिथूनच बोलायचे असते. मग विद्यार्थ्यांचा अक्ष पंधरापासून सुरू झाला तर तो खोटेपणा का वाटावा? आरंभबिंदू हा शब्द आपण शाळेत पाठ केला, पण आरंभ कुणाचा, कशाचा, हे विचारले नाही.

गणिताच्या इतिहासात थोडे मागे गेले तर दिसते की हा प्रश्न पहिल्यापासून उघडाच होता. ज्याच्या नावाने आपण ही पद्धत ओळखतो त्या देकार्तच्या १६३७च्या भूमितीच्या पुस्तकात आपल्या शाळेतले ते दोन काटकोनी अक्ष सापडत नाहीत. तो समोरच्या आकृतीतली एखादी सोयीची रेघ निवडतो आणि सोयीच्या कोनातून लांबी मोजू लागतो. रेघ कुठली घ्यायची हे प्रत्येक प्रश्नागणिक त्याचे त्याने ठरवलेले असते. व्यवहारातले आकडे आलेखात मांडण्याची रीत पाडणाऱ्या विल्यम प्लेफेअरचे पुस्तक लंडनमध्ये १७८६ साली निघाले. त्यातल्या एका प्रसिद्ध आलेखात डेन्मार्क आणि नॉर्वे ह्या देशांशी इंग्लंडचा १७०० ते १७८० ह्या काळात झालेला आयात-निर्यात व्यापार आहे. खाली वर्षे आहेत, आणि रकमा मोजणारा उभा अक्ष आहे उजवीकडे. आज आपल्याला तो उलटा वाटतो. पण वाचणाऱ्याची नजर रेषेबरोबर चालत चालत जिथे पोहोचते, त्या ताज्या वर्षांपाशीच मोजपट्टी ठेवलेली असणे ह्यात गैर काय आहे? उभा अक्ष डावीकडे असावा ही सवय आहे, नियम नव्हे. पीजीएफप्लॉट्समध्ये 'ॲक्सिस वाय लाइन'पुढे 'राइट' लिहिले की तो आजही उजवीकडे जातो. मी तसे करून पाहिले. शेवटच्या बिंदूशेजारीच त्याचा आकडा आला, १७, आणि तो आता चुकवता येईना. कशाला उगाच, असे मनात म्हणत मी तो पुन्हा डावीकडे नेला. ह्याला भ्याडपणा म्हणायला हरकत नाही.

दरम्यान आलेखाची गोष्ट विभागाबाहेर गेली होती. अहवालांचे संकलन करणाऱ्या प्राध्यापकांनी मला बोलावून घेतले. अतिशय सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, शून्यापासून दाखवा, ते बरोबरच आहे. पण वरचं टोक १२० ठेवा ना. आपली मंजूर प्रवेशक्षमता १२० आहे. काही चुकीचं नाही त्यात." मी घरी येऊन 'वायमिन'पुढे शून्य आणि 'वायमॅक्स'पुढे १२० लिहिले. रेषा आलेखाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात गेली आणि तिथे निवांत पहुडली. ३८ आणि १७ ह्यांत फारसे अंतर राहिले नाही. दहा वर्षे ह्या वर्गात काही विशेष घडलेच नाही, असे तो आलेख सांगत होता. एकही आकडा बदललेला नव्हता. क्षमतेचा आकडाही खरा होता.

माझ्या विभागातल्या तरुण सहकाऱ्याचे म्हणणे नेमके उलटे होते. "मॅडम, तो पहिलाच आलेख द्या. दरीवाला. लोकांना धक्का बसल्याशिवाय मराठीचं काय चाललंय ते कळणार नाही. कारण चांगलं असलं की चालतं." कारण चांगले होते ह्यात शंका नाही. पण वर्गात मी मुलांना शिकवते की वक्तृत्व आणि युक्तिवाद ह्यांत फरक असतो, आणि अतिशयोक्ती हा अलंकार आहे, पुरावा नव्हे. अक्ष कापून आलेख भेदक करण्याच्या ह्या युक्तीची डॅरेल हफ ह्यांनी १९५४ सालीच आपल्या एका छोट्या पुस्तकात यथेच्छ थट्टा करून ठेवली आहे. सत्तर वर्षे झाली. युक्ती अजून चालते. निवडणुकांच्या रात्री दूरचित्रवाणीवर ती आपण सगळेच पाहतो.

तेव्हा शून्य तळाशी, वरची मर्यादा चाळीसच्या किंचित वर, आणि विषय संपला, असे म्हणावे तर तेही मन घेईना. कारण शून्यापासून सुरुवात केली की आलेख आपोआप प्रामाणिक होतो, हेही खरे नाही. काही वर्षांपूर्वी माझे वडील रुग्णालयात होते. त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असे. त्यावरचा उभा अक्ष ९५ अंशांच्या आसपास सुरू होत होता आणि ९८.६ च्या पातळीवर एक आडवी रेघ होती. तो तक्ता कुणी शून्य अंशापासून काढला असता तर वडिलांचा ताप १०४ वर गेला काय आणि उतरला काय, रेषा सपाटच दिसली असती. ते सपाटपण म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. माणसाच्या अंगाच्या बाबतीत शून्य अंशाला काही अर्थच नाही. अर्थ आहे तो ९८.६ ला. म्हणजे तळाशी शून्य आहे की नाही हा खरा प्रश्न नव्हे. ज्याच्याबद्दल आपण बोलत आहोत त्याच्या आयुष्यात शून्याला काय अर्थ आहे, हा खरा प्रश्न.

हे मी सरांना सांगितले तेव्हा त्यांना ते पटले. जरा जास्तच पटले. "मग मॅडम, तुमच्या वर्गाच्या बाबतीत अर्थ असलेला आकडा शून्य नाहीच," ते म्हणाले. "वीस आहे." हे मला माहीत होते. विशेष विषयाच्या वर्गात वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर तो वर्ग पुढे चालवायचा की नाही ह्याचा विचार करावा लागेल, असे संस्थेच्या बैठकीत आदल्या वर्षी बोलले गेले होते. लेखी काही नव्हते. पण अशा गोष्टी लेखी व्हायला वेळ लागत नाही. शून्यापर्यंत जाण्याची पाळी वर्गावर कधी येतच नाही. त्याच्या पुष्कळ आधी तो बंद होतो. तेव्हा तापाच्या तक्त्याच्या न्यायाने आडवा अक्ष विसावर असायला हवा.

ते कसे करायचे हेही सरांनी दाखवले. अक्ष शून्यातूनच जातो ना, मग विसालाच शून्य करायचे. प्रत्येक आकड्यातून वीस वजा करायचे, रेषेऐवजी स्तंभ काढायचे, 'मिडल' लिहायचे, आणि उभ्या अक्षावरची नावे मात्र हाताने मूळची लिहायची: शून्याच्या जागी २०, दहाच्या जागी ३०. मी बसून ती वजाबाकी केली. अडतिसाचे अठरा झाले. शेवटच्या दोन वर्षांत १९ आणि १७ होते; तिथे मी माझ्या हाताने 'उणे १' आणि 'उणे ३' असे लिहिले. आणि आज्ञा दिली.

आता खरोखरच अक्ष मध्ये आला. शाळेतल्यासारखा. त्याच्या वर आठ स्तंभ उभे होते, एकापेक्षा एक बुटके होत गेलेले, आणि शेवटचे दोन अक्षाखाली लोंबत होते. खाली छापलेली वर्षे त्यांच्यावर येऊन आदळली होती, त्यामुळे '२०२३' नीट वाचताही येत नव्हते. आणखी एक मौज झाली होती. जिथे दोन अक्ष छेदतात तिथला आकडा रेघेवर येऊन गिचमीड होऊ नये म्हणून यंत्र तो आपण होऊन लपवते. तो छेद विसावर होता. म्हणजे ज्या आकड्यावर सगळा निवाडा होणार, तो २० हा आकडाच आलेखातून नाहीसा झाला होता. त्याच्या जागी उरली होती एक निर्विकार आडवी रेघ, जमिनीसारखी. तिच्या वर जे होते ते होते. आणि खाली जे होते ते जणू कुणाचे तरी देणे होते.

मी त्या शेवटच्या स्तंभाकडे बराच वेळ पाहत राहिले. उणे तीन. हा वर्ग मला नावानिशी माहीत होता. त्यातला एक मुलगा रात्रपाळी करून सकाळच्या पहिल्या तासाला डोळे चोळत येई आणि तरीही पहिल्या बाकावर बसे. एक मुलगी पहाटेच्या एस. टी.ने निघून दोन बदल करून येत असे. गाडी चुकली की तिसऱ्या तासाला पोहोचे आणि दाराशी उभी राहून आधी फळ्याकडे बघे, किती राहिले ते पाहायला. आणखी एकाने संत-साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत मला अशी एक गोष्ट दाखवून दिली होती जी वीस वर्षे शिकवून माझ्या लक्षात आली नव्हती. अशी सतरा जणे. हजेरी घेताना सतरा वेळा 'हजर' असा आवाज येत होता. मी त्यांची मिळून जी संख्या केली होती ती शून्यापेक्षाही कमी होती. रिकामा वर्गसुद्धा त्यांच्यापेक्षा वर होता!

गणिताच्या दृष्टीने ह्यात काहीच चूक नव्हती. सर म्हणालेही, "हे फक्त अंतर आहे मॅडम, विसापासूनचं." ते बरोबर होते. पण तापाच्या तक्त्यातली ९८.६ ची रेघ ही शरीराची स्वतःची आहे. शरीर तिच्याकडे परत येऊ पाहते. विसाची रेघ ही वर्गाची नव्हती. ती बाहेरून, बैठकीच्या टेबलावरून आलेली होती. उद्या पंचवीस होईल, परवा तीस. ती मी अक्षाच्या जागी नेऊन बसवली, म्हणजे कुणाचे तरी मत मी जमीन म्हणून स्वीकारले होते. आणि तेही अशा आलेखात, जो माझ्या विभागाच्या नावाने, माझ्या हातून जाणार होता. हे मत मला मान्य नाही असे मी अहवालाच्या पाचव्या पानावर लिहिणार होते. चौथ्या पानावरच्या चित्राने ते आधीच मान्य करून टाकले असते.

आपल्या भाषेत 'अक्ष' ह्या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत. गाडीचा आस म्हणजे अक्ष, ज्याच्याभोवती चाक फिरते तो. जुगारातला फासाही अक्षच. आणि समासात तो डोळ्यासाठी येतो, गवाक्षात किंवा मीनाक्षीत. तीन अर्थांचा मेळ घालण्याचा मोह साहित्याच्या माणसाला होतोच. पण तो टाळून एवढेच म्हणते की आलेखातल्या अक्षाला मी इतके दिवस केवळ आस समजत होते. तो कुणाचा तरी डोळाही असतो. आलेख वर-खाली कसा दिसतो हे पाहणारा कुठे उभा आहे त्यावर अवलंबून असते. साहित्याच्या अभ्यासात आपण निवेदकाचे स्थान शोधतो. गोष्ट कोण सांगतो आहे, कुठून सांगतो आहे, हे विचारल्याशिवाय कथेबद्दल बोलत नाही. फ्रांको मोरेत्तीने २००५ सालच्या आपल्या पुस्तकात ब्रिटन, जपान, इटली, स्पेन, नायजेरिया अशा देशांतल्या कादंबऱ्यांच्या वाढीचे आलेख काढून साहित्याच्या इतिहासाकडे पाहिले, तेव्हा साहित्यात आलेख कशाला, असे पुष्कळांना वाटले. मला आता वाटते की आलेखांत साहित्याची माणसे हवीत. निवेदक कुठे दडला आहे ते शोधण्याची सवय आपल्याला असते.

शेवटी जो आलेख अहवालात गेला तो असा. आडवा अक्ष शून्यावर. कारण आमच्या वर्गापुरते शून्य हे निव्वळ गणिती ठिकाण नाही. शून्य म्हणजे सकाळी पावणेआठला उघडलेले दार, पुसलेला फळा आणि बाकांवर कुणी नाही. ते मला कल्पनेने सहज पाहता येते, आणि सतरा त्याच्यापासून किती वर आहे हे आलेखात दिसावे, एवढीच माझी अट होती. वरची मर्यादा ४५. क्षमतेचा आकडा मजकुरात एका वाक्यात. विसाची रेघ मी गाळली नाही. ती गाळणे हाही लपवण्याचाच एक प्रकार झाला असता. पण अक्ष म्हणून नव्हे. 'एक्स्ट्रा वाय टिक्स' ह्या आज्ञेने त्या उंचीवर एक तुटक, फिकट रेघ काढली आणि तिच्या कडेला लिहिले, 'संस्थेने सुचवलेली किमान संख्या'. रेघ ज्याची, त्याचे नाव तिच्यावर. शेवटचे दोन बिंदू तिच्या खाली आहेत हे कुणालाही दिसते. ते जमिनीच्या वर आहेत, हेही दिसते. आणि दहा वर्षांत संख्या अर्ध्याहून खाली आली, हेही दिसते. ते लपवण्याचा माझा हेतू नव्हताच. त्या उतरणीची कारणे मी पाचव्या पानावर लिहिली. त्यांतली काही आमच्याच विभागाकडे बोट दाखवणारी होती.

उरला प्रश्न बाणांचा. पीजीएफप्लॉट्समध्ये चौकटीऐवजी नुसते अक्ष मागितले की त्यांच्या टोकांना आपोआप बाण येतात. ते नको असतील तर आज्ञेच्या नावापुढे एक तारांकन घालायचे. सर म्हणाले की आकडेवारीच्या आलेखात बाण नसावेत. बाण म्हणजे 'असेच पुढे अनंतापर्यंत', आणि आपल्याजवळ तर दहाच बिंदू आहेत. उभ्या अक्षाबाबत मी त्यांचे ऐकले. तारांकन घातले आणि बाण काढून टाकला. पुढे किती मुले येतील ह्याबद्दल मला काहीही सांगता येणार नव्हते. वर्षांच्या अक्षावरचा बाण मात्र मी ठेवला. त्यांनी भुवई उंचावली, पण काही बोलले नाहीत. वर्षे तर पुढे जाणारच आहेत, एवढे तरी खात्रीने म्हणता येते.

अहवाल दिला. आलेखाबद्दल कुणी विशेष काही बोलले नाही. बैठकीत फक्त एका सदस्यांनी त्या तुटक रेघेवर बोट ठेवून विचारले, "हे वीस कुणी ठरवलं?" त्यावर टेबलाभोवती थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग विषय पुढे गेला. वर्ग अजून चालू आहे. पुढे काय होईल ते माहीत नाही. असो.